शून्य कोणाला द्यायचं

चार शाळा, एकच परिच्छेद, माझ्या हातात स्टॉपवॉच.
औंध, कोंढवा, खडकी, जनता वसाहत.
सहावीच्या तीस-तीस पोरांनी मोठ्यानं वाचायचं,
मी सेकंद लिहायचे.

फाईलमध्ये नावं मराठीतच टाकली होती,
म्हणून प्रोग्रामनं वर्णानुक्रम लावला
आणि औंधला पाया धरलं.
कारण एवढंच, की औ आधी येतो.

मग तक्त्यात औंध कुठेच नाही.
वर नुसतं: स्थिरांक, एक्केचाळीस.
खाली बाकीचे तिघं रांगेत:
कोंढवा अधिक सहा,
खडकी अधिक तीन,
जनता वसाहत अधिक अकरा, पुढे दोन चांदण्या.
औंधला कोणी अधिक-उणं विचारत नाही.
ज्याच्यापासून मोजायचं त्याला ओळ लागत नाही,
तो कागदाच्या पांढऱ्यात मुरलेला असतो.

हे मला तक्त्याआधीपासून ठाऊक आहे. मी उदगीरची.
अकरा वर्षांपूर्वी प्रभात रोडच्या मेसमध्ये
"थांब, मी जेवूलाले" म्हणाले
तर समोरची मुलगी, अगदी प्रेमानं,
"किती गोड बोलता गं तुम्ही लोक!"
आपण कसं बोलतो हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.
ती नुसतं बोलायची.

गद्रे मॅडम म्हणाल्या, कोडिंग बदलून बघ,
शून्य एकालाच कशाला,
सगळ्यांची सरासरी मध्ये ठेव.

रात्री साडेनऊ. डेक्कन.
खाली झेरॉक्सवाल्यानं शटर ओढलं
तेव्हा मी एक ओळ बदलली.

आता स्थिरांक सेहेचाळीस.
सेहेचाळीस सेकंदांत वाचणारी शाळा
माझ्या चारांत एकही नाही,
पण त्या नसलेल्या शाळेपासून
आता सगळ्यांनाच अंतर आहे.
औंध उणे पाच.
पहिल्यांदाच औंधच्या नावापुढे चिन्ह लागलं,
मी ते उगीच दोनदा वाचलं.
कोंढवा अधिक एक.
खडकी उणे दोन.
आणि ओळी संपल्या.

गट चार तर ओळी तीन, हा नियमच आहे,
चौथी मागितली की गणित अडून बसतं.
शेवटच्याला प्रत्येक रकान्यात उणे एक मिळतो
आणि छापायच्या वेळी तो वगळला जातो.
ज पुन्हा शेवटी.

आधी पाया म्हणून एक अदृश्य होता,
आता शेवटची म्हणून एक.
दोन्ही अदृश्यपणांना एकच शब्द कसा पुरेल?

तिला शोधायचं तर बाकीच्यांची बेरीज करायची
आणि चिन्ह उलटवायचं.
उणे पाच, अधिक एक, उणे दोन.
उणे सहा.
म्हणजे अधिक सहा.
मी पेन्सिलीनं समासात लिहिलं:
जनता वसाहत, +६.

औंधशी मोजली तर अकरा, सगळ्यांशी मोजली तर सहा.
मी तिला इकडची तिकडे केली नाही,
मी फक्त उभं राहायची जागा बदलली.
मॉडेलचे अंदाज दशांशापर्यंत तेच आले,
बावन्न तिथे बावन्न.

आणि करिष्मा उबाळे, ओळ क्रमांक एकशे तीन,
तिचे बासष्टही तसेच.
अंदाजापेक्षा दहा जास्त,
पाया कुठलाही धरा, ते दहा उरतातच.

ते दहा मी पाहिलेत.
ती "अनुपस्थित" पाशी थांबली,
ओठांनी दोनदा चाचपलं,
मग पुस्तकातून वर बघून म्हणाली,
"म्हंजी गैरहजर का?"
मी बोलायचं नाही असा नियम होता.
मी मान हलवली. घड्याळ चालू.
"मग तसंच लिवायचं की,"
म्हणाली, आणि पुढची ओळ
कुठेही न अडखळता वाचून टाकली.